दंडावरची कंपनी

परवा नातू आला तो बाही वर करूनच. दंडावर रॉयल एनफिल्डचा लोगो! भोवतीची कातडी अजून लाल होती. "आजी, कसा आहे?" मी चष्मा लावून पाहिले आणि तोंडून निघून गेले, "अरे, गाडीचे सव्वीस हप्ते राहिलेत ना अजून?" तो हिरमुसला. त्यानंतर आठवडाभर फोन नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळते आहे, की माणसे कंपनीचे चिन्ह जन्मभरासाठी अंगावर का काढून घेतात?

लोभाने घेतात, हे एक झाले. २०१३ साली न्यूयॉर्कच्या रॅपिड रिअल्टी या घरदलालीच्या कंपनीने लोगो गोंदवून घेणाऱ्या नोकरांना पंधरा टक्के वाढ देऊ केली, आणि चाळीसेक जणांनी गोंदवलाही. २०१८ मध्ये रशियात डॉमिनोजने जाहीर केले, लोगो गोंदवा आणि शंभर वर्षे दरसाल शंभर पिझ्झे फुकट खा. दोन महिने चालायची ती योजना, पण अशी झुंबड उडाली की काही दिवसांतच साडेतीनशे जणांवर आटोपती घ्यावी लागली. यांचा हिशेब निदान कळतो तरी.

कोडे पडते ते पदरचे पैसे मोजून दुसऱ्याची जाहिरात मिरवणाऱ्यांचे. हार्ले डेव्हिडसनवाले तर यात प्रसिद्धच. नायकीचे ते चिन्हही कित्येकांच्या पायावर असते. १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने ते पस्तीस डॉलरना काढून दिले होते. अगदी 'बरोबर'ची खूण! मी तशा हजारो खुणा लाल शाईने वह्यांवर केल्या, एकाही पोराने गोंदवून घेतली नाही. असो.

गंमत म्हणजे 'ब्रँड' या शब्दाच्या मुळाशी तापल्या लोखंडाचा डाग आहे. जनावर कोणाच्या मालकीचे ते कळावे म्हणून द्यायचा. माझा राग होता तो इथे. आपला पोरगा काय कोणाचे गुरू आहे?

पण मग आई आठवली. तिच्या हातावर वडिलांचे नाव होते, जत्रेत गोंदवलेले. ते नाव उखाण्याखेरीज तिने कधी तोंडाने घेतले नाही, आणि लिहिलेले तिला वाचताही येत नव्हते. मला अक्षरे यायला लागली तेव्हा चुलीपुढे बसून तिने हात पुढे केला, "बघ गं, बरोबर लिहिलंय का?" एक काना राहून गेला होता. मी म्हटले, "बरोबर आहे." त्यानंतर आयुष्यभर शुद्धलेखन शिकवले, पण ती चूक तिला सांगितली नाही. मेल्यावर गोंदण तेवढे बरोबर येते, असे ती म्हणायची.

नातू पुण्यात तिघांबरोबर खोली करून राहतो. गाव, कुलदैवत, भावकी यातले काही तिथे रोजच्या उपयोगाचे नाही. रविवारी पहाटे ताम्हिणी घाटात जाणारी बुलेटवाली पोरे, तीच त्याची माणसे. गेल्या पावसाळ्यात तो घसरून पडला, तेव्हा त्यांनीच त्याला दवाखान्यात नेले. आम्ही पोचलो दुसऱ्या दिवशी. त्याने कंपनी गोंदवली असे मला आता वाटत नाही, ती पोरे गोंदवली आहेत.

तरी माझा एक आक्षेप उरतोच. आईच्या हातावर ज्याचे नाव होते तो माणूस तिला ओळखत होता. कंपनी याला ओळखत नाही. ही गाडी मूळ इंग्लंडची, १९५५ पासून मद्रासला बनू लागली. पुढे इंग्लंडमधली कंपनी बंद पडली, इथली राहिली, आणि १९९४ मध्ये तीही आयशरकडे गेली. मालक बदलतात, कारखाने बंद होतात, दंड मात्र तोच राहतो.

हे त्याला सांगायचे आहे, पण लगेच नाही. आज संध्याकाळी मीच फोन करणार आहे. खाज येते का विचारीन. हप्त्यांचा विषय काढणार नाही.