कंपनीने हात झटकले, पेटी मात्र चालूच!

अमरावती/अकोला : डिजिटल कॅमेऱ्यांच्या लाटेबरोबर पंधरा वर्षांपूर्वी अनेक शहरी घरांत एक लहानशी काळी पेटी आली. तिची तार राऊटरला जोडायची आणि घरातील सर्व संगणकांवरील छायाचित्रे, लग्नाच्या चित्रफिती, कागदपत्रे तिच्यात साठवायची, एवढेच या 'नेटवर्क स्टोरेज' यंत्राचे काम. यंत्र आजही सुरू आहे, डिस्क फिरते आहे. कंपनीने मात्र सॉफ्टवेअरमधील सुधारणा केव्हाच थांबवल्या आहेत. अशा यंत्राचे करायचे काय?

हे दुखणे किती गंभीर आहे, ते जून २०२१ मध्ये दिसले. वेस्टर्न डिजिटल कंपनीचे 'माय बुक लाइव्ह' हे यंत्र २०१० मध्ये बाजारात आले आणि २०१५ मध्ये त्याला अखेरची सुधारणा मिळाली. त्यानंतर सहा वर्षांनी, इंटरनेटला थेट जोडलेली ही यंत्रे हल्लेखोरांनी दूरवरून 'फॅक्टरी रीसेट' केली. कित्येक कुटुंबांची वर्षानुवर्षांची छायाचित्रे एका रात्रीत नाहीशी झाली. एप्रिल २०२४ मध्ये डी-लिंकच्या जुन्या यंत्रांतही असाच दोष उघड झाला. इंटरनेटवर अशी ९२ हजारांहून अधिक यंत्रे उघडी असल्याचे आढळले. पण कंपनीचा सल्ला होता तो यंत्र निवृत्त करून नवे घेण्याचा.

दुसरा मार्गही आहे. त्याच 'माय बुक लाइव्ह'वर आज 'ओपनडब्ल्यूआरटी' ही मुक्त लिनक्स प्रणाली बसवता येते. मुळात राऊटरसाठी घडवलेली ही प्रणाली अवघ्या २५६ मेगाबाइट मेमरीवर फायली साठवण्याचे काम निमूटपणे करते. चेहरे ओळखणे, चित्रफितींचे रूपांतर करणे असल्या अपेक्षा मात्र ठेवू नयेत. बदलाआधी सगळा मजकूर दुसरीकडे उतरवून घेणे अपरिहार्य आहे. 'डिस्क काढून संगणकाला लावू' हा घरोघरचा तोडगा येथे फसतो. कंपनीने ती ६४ किलोबाइटच्या ठोकळ्यांत आखलेली असल्याने साधा संगणक ती सहजासहजी वाचत नाही. अनेक जुन्या यंत्रांची 'एसएमबी-१' ही संपर्कभाषाही कालबाह्य झाली आहे. २०१७ च्या 'वॉनाक्राय' हल्ल्यानंतर विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत ती मुळातून बंद ठेवली जाते. ती पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळलेला बरा. यंत्राची प्रणाली बदलणे त्याहून शहाणपणाचे.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे राऊटरमधून बाहेरच्या जगाला मिळणारी वाट बंद करणे. पुण्यात वा बंगळुरात असलेल्या मुलांना घरची छायाचित्रे थेट यंत्रातून पाहता येणार नाहीत, ही गैरसोय खरी आहे. परंतु २०२१ मध्ये यंत्रे रिकामी झाली ती याच वाटेने.

वऱ्हाडात आणखी एक अडचण आहे, तिचा उल्लेख परदेशी माहितीपुस्तिकांत सापडणार नाही. अशा बहुतेक घरगुती यंत्रांसाठी भोवतालच्या हवेचे तापमान कमाल ३५ ते ४० अंश असावे, असे कंपन्या सांगतात. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला आणि जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले. एका डिस्कच्या 'माय बुक लाइव्ह'मध्ये तर पंखाच नाही. बंद कपाटातून यंत्र बाहेर काढणे, बाहेरून छोटा पंखा लावणे, दुपारी ते बंद ठेवणे, हे उपाय नव्या प्रणालीइतकेच मोलाचे. वीज अचानक गेली, की लिहिणे चालू असलेल्या फायलींची नोंद बिघडते. त्यामुळे यूपीएसची जोड हवीच. आणि एवढे करूनही दुसरी प्रत अन्यत्र ठेवावीच लागते, कारण पंधरा वर्षे फिरलेल्या डिस्कचा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

ग्राहकावर एवढी खटपट का यावी, हा यातील खरा वादाचा मुद्दा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सुरक्षा सुधारणा किमान केव्हापर्यंत मिळतील, हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. युरोपीय संघाच्या सायबर कायद्यातील मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू झाले; त्याचा भर शेती अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी वस्तू आणि वाहने यांवर आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम उत्पादकाला जबाबदार धरतात ते यंत्र भंगारात गेल्यावर. ते चालू असतानाच त्याची सुरक्षा थांबवली, तर त्याचे उत्तर या नियमांत नाही.