विश्लेषण : डॉग शोमध्ये कुत्र्याची चाल कशी तपासतात? ‘क्रफ्ट्स’मध्ये वाद का झाला होता?

मार्च २०१६ मध्ये ब्रिटनमधील बर्मिंगहॅम येथे ‘क्रफ्ट्स’ या जगप्रसिद्ध डॉग शोमध्ये एक जर्मन शेफर्ड कुत्री आपल्या जातीत अव्वल ठरली. मात्र तिची उतरती पाठ आणि अडखळती चाल टीव्हीवर पाहून प्रेक्षक संतापले. गर्दीमुळे ती बिथरली होती, असा खुलासा झाला. तरीही प्रश्न उरलाच : परीक्षक नेमके पाहतात काय?

दुडकी चालच का?

रिंगणात कुत्र्याला पट्टा धरून दुडक्या चालीत पळवतात. या चालीत पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकाच वेळी पडतो, मग उरलेली जोडी. ताल समान असल्याने एखादा पाय दुखत असेल, आखूड पडत असेल तर लगेच कळते. भरधाव वेगात असे दोष लपतात.

तीन बाजूंनी तपासणी

कुत्रा दूर जाताना मागचे घोटे आत वळतात का, समोर येताना कोपरे बाहेर फेकली जातात का, हे पाहतात. बाजूने पुढच्या पायांची झेप, मागच्या पायांचा रेटा आणि पाठीची स्थिरता दिसते. वेग वाढला की पावले शरीराच्या मध्यरेषेकडे सरकतात. अनेकांना तो दोष वाटतो, पण बहुतेक जातींत तोल सांभाळण्याची ती नैसर्गिक पद्धत आहे.

सगळ्यांना एकच माप?

नाही. दिवसभर मेंढ्यांमागे फिरणाऱ्या शेफर्डला न थकवणारी दुडकी चाल हवी. महाराष्ट्र-कर्नाटकातील कारवान हाउंड सशामागे झेपावण्यासाठी घडला आहे. त्याचे खरे कसब रिंगणात पूर्ण दिसत नाही.

अडचण कुठे?

लांब, तरंगती झेप डोळ्यांत भरते. तिला बक्षीस मिळाले की विजेत्याच्या पिल्लांना मागणी येते आणि पुढच्या पिढीत मागचे पाय आणखी वाकतात. २००८ मध्ये बीबीसीवरील माहितीपटाने अशा पैदाशीवर बोट ठेवले. त्यानंतर बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबवले. २०१२ मध्ये १५ जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यकीय तपासणी सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी सहा विजेते अपात्र ठरले. २०१६ च्या वादानंतर जर्मन शेफर्डच्या निकषांत, त्याला आधाराशिवाय सहज उभे राहता आले पाहिजे, ही अट आली. इतकी साधी गोष्ट लिहून द्यावी लागली, यातच सारे आले.

उपाय काय?

ताणलेला पट्टा कुत्र्याचा पुढचा भाग उचलून धरतो आणि दोष झाकतो. म्हणून पट्टा सैल आणि वेग मध्यम असावा, असा आग्रह परीक्षकांनी धरायला हवा. देखणेपणाचे गुण त्यानंतर द्यावेत. पिल्लू विकत घेणाऱ्यांनीही वंशावळीच्या कागदाबरोबर आईवडिलांची चाल स्वतः पाहावी आणि खुब्याचा एक्स-रे मागावा. बक्षीस एका दिवसाचे असते. चुकीच्या सांध्यांचे दुखणे कुत्रा आयुष्यभर सोसतो.