जालन्याच्या भट्ट्या आणि परप्रांतीय मजूर

एखाद्या शहराची भरभराट मोजावयाची तर तेथील पेढ्या आणि बाजारपेठ पाहून भागत नाही. पोटासाठी तेथे आलेल्या माणसास कसे वागविले जाते, हेही पाहावे लागते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण जालनेकर अभिमानाने सांगतो. आज औद्योगिक वसाहतीतील पोलादाच्या कारखान्यांनी तिला नवा अर्थ आणला आहे. परंतु भंगार वितळवून सळई काढणाऱ्या या भट्ट्यांपुढे राबणारे हात पुष्कळसे बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओडिशा या प्रांतांतून आलेले आहेत. हा पाळणा जे हलवितात, त्यांजविषयी सरकारचे व आपले कर्तव्य काय, हा आजचा प्रश्न आहे.

८ मे २०२० ची पहाट वाचक विसरले नसतील. टाळेबंदीत काम बुडालेले, मध्य प्रदेशाच्या उमरिया व शहडोल भागांतले वीस मजूर जालन्याहून रुळांच्या कडेने पायी निघाले. भुसावळास आपल्या मुलखाची गाडी मिळेल, एवढीच त्यांची आशा. करमाडजवळ थकून रुळांवरच त्यांस झोप लागली आणि मालगाडीखाली सोळा जणांचे प्राण गेले. श्रमिकांसाठी खास गाड्या त्या १ मेपासूनच सुरू झाल्या होत्या. गाडी होती, मजूरही होता. दोहोंची गाठ घालून देणारे मात्र कोणी नव्हते. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये, परतीच्या वाटेवर किती मजूर मेले याची नोंद ठेवलेली नाही, असे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले. ज्याची जिवंतपणी नोंद नाही, त्याच्या मरणाची तरी कोठून असणार?

कायदा नव्हता म्हणून असे घडले, असे कोणी म्हणू नये. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ मध्येच झाला होता. ठेकेदाराने परवाना घ्यावा, भरतीपासून पंधरा दिवसांत दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांस मजुरांचा तपशील कळवावा, प्रत्येकास छायाचित्रासह पासबुक द्यावे, प्रवासखर्च व विस्थापन भत्ता द्यावा, इतके सर्व त्यात लिहिलेले होते. पण गाववाल्याच्या ओळखीने आपणहून येणारा मजूर त्याच्या कक्षेबाहेर राहिला, आणि जो कक्षेत होता त्यासही कागदावरील हक्क हाती पडलाच असे झाले नाही.

या कायद्याची जागा घेणारी नवी कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. आपणहून आलेल्या मजुरासही तिने स्थलांतरित मानले, गावी जाण्यायेण्याचे भाडे देण्याची तरतूद केली, आणि शिधा गावी घ्यावा की कामाच्या ठिकाणी, ही निवड त्याच्या हाती दिली. हे स्वागतार्ह होय. परंतु पूर्वी पाच मजुरांस लागू होणारी तरतूद आता दहांच्या खाली लागू होत नाही, आणि विस्थापन भत्ता तर गेलाच. एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याची ही रीत आम्हांस मान्य नाही.

‘आमच्या पोरांस काम नाही आणि बाहेरचे मात्र येतात,’ ही तक्रार आम्ही ऐकतो, व ती क्षुल्लक मानीत नाही. सवलती घेणाऱ्या उद्योगांनी स्थानिकांस प्राधान्य द्यावे हे राज्याचे धोरणही आहे. पण देशात कोठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने दिलेला आहे. शिवाय परका मजूर अनेकदा पसंत पडतो तो स्वस्त म्हणून, आणि घरापासून दूर असल्याने निमूट सोसतो म्हणून. त्यास समान वेतन, ठरलेले तास व सुरक्षेची साधने द्या; मग स्थानिकास डावलण्यात लाभच उरणार नाही. परक्यास न्याय देणे हाच स्थानिकाचे रक्षण करण्याचा खरा मार्ग आहे.

आपणही कोणाचे परके आहोत, याचा विसर पडू नये. याच जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा ‘कोयता’ ऊसतोडीस बाहेर पडतो. त्यांतले कित्येक कर्नाटकात जातात. तेथे तेच परप्रांतीय. त्यांच्या पालावर पाणी यावे, मुलांची शाळा तुटू नये, असे आपण म्हणतो ना? मग वसाहतीतील एका खोलीत दाटीने राहणाऱ्या मजुराकरिता तेच म्हणावयास जड का जावे? आणि जालन्याच्या पेठेतील कित्येक जुनी घराणी तरी पिढ्यांपूर्वी मारवाडातूनच आली ना? या शहराने त्यांस जागा दिली, त्यांनी शहरास वैभव दिले.

आमची सूचना साधी आहे. कामगार खात्याने वसाहतीतील प्रत्येक मजुराची, मग तो ठेकेदाराचा असो वा आपणहून आलेला, नावनिशीवार नोंदवही ठेवावी व ती दरसाल ताडून पाहावी. कारखानदारांनी ठेकेदाराकडे बोट दाखविणे सोडून वेतन व अपघात यांची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी. महानगरपालिकेने या वस्त्यांस पाणी, दवाखाना व मुलांस शाळा द्यावी. शिधादुकानदाराने परप्रांताचे कार्ड पाहून हुज्जत घालू नये. ते कार्ड देशभर चालावे हीच सरकारची योजना आहे.

यास फार पैसा लागत नाही, दानतीची गरज आहे. सोळा प्रेते परत गेली तेव्हा जालन्यास हळहळ वाटली. पण ज्यांची नावे मेल्यावर कळली, ती जिवंतपणीच ठाऊक असती, तर कदाचित ती गाडी त्यांस मिळाली असती. हळहळ वाटणे हे सज्जनाचे लक्षण खरे. नोंद ठेवणे हे शहाण्या शहराचे.