शर्यतीचे वर्ग आणि वर्गाबाहेरचे

मोटारसायकलींच्या शर्यतीत जिंकणाऱ्या स्वाराचे छायाचित्र छापून येते; परंतु पुष्कळदा निकाल त्याआधीच, नियम लिहिणाऱ्यांच्या मेजावर लागलेला असतो. इंजिनाचा आकार किती असावा ही वरकरणी निव्वळ तांत्रिक बाब. प्रत्यक्षात मैदानात कोणी उतरावे आणि कोणी घरी बसावे, हेच तीतून ठरत आले आहे.

१९४९ साली जागतिक अजिंक्यपद सुरू झाले तेव्हा, साइडकार वगळता, १२५, २५०, ३५० व ५०० सी. सी. असे चार वर्ग होते. १९६२ मध्ये ५० सी. सी.ची भर पडली. परंतु सी. सी. म्हणजे दट्ट्यांनी व्यापलेल्या जागेचे माप. ती जागा किती सिलिंडरांत विभागावी यावर बंधन नव्हते. जपानी कारखान्यांनी ही फट अचूक हेरली. होंडाने २५० सी. सी.त सहा आणि १२५ सी. सी.त पाच सिलिंडर बसविले. तिचे ५० सी. सी.चे चिमुकले इंजिन मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेई, तर सुझुकीच्या तेवढ्याच गाडीला चौदा गिअर होते! चमत्कार खराच, पण त्यापुढे बार्सिलोनाजवळच्या डर्बीसारख्या लहान कारखान्याने करावे काय? १९६७ अखेर होंडा स्पर्धेतून बाहेर पडली आणि त्यानंतर नियम आवळले गेले. ५० सी. सी.ला एक सिलिंडर, १२५ व २५० ला दोन, गिअर सहा. डर्बीवर स्वार होऊन आंखेल निएतोने १९६९ व १९७० चे अजिंक्यपद मिळविले. लाकूडकामाची यंत्रे बनविणाऱ्या इटलीतील मोर्बिदेल्लीने १९७५ ते १९७७ अशी सलग तीन वर्षे १२५ सी. सी.चा वर्ग जिंकला. बंधनाने दार उघडले, ते असे.

मात्र एक अन्याय तसाच राहिला. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला जोर देते, फोर-स्ट्रोक दर दुसऱ्या. तरी दोघांना माप एकच. ५०० सी. सी.त १९५८ पासून अबाधित असलेले एम. व्ही. अगुस्ताचे राज्य १९७५ मध्ये यामाहाच्या टू-स्ट्रोकने संपविले. होंडाने १९७९ साली लंबगोल दट्ट्यांचे फोर-स्ट्रोक उतरवून पाहिले, फसली, आणि १९८३ चे अजिंक्यपद टू-स्ट्रोकवरच मिळविले. २००२ मध्ये ९९० सी. सी.च्या फोर-स्ट्रोकला ५०० च्या शेजारी उभे केले गेले, तेव्हा पारडे उलट झुकले. धुरकट टू-स्ट्रोक रस्त्यावरूनच हद्दपार होत होत्या, आर. एक्स. १०० साठी आजही हळहळणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

२०१० साली २५० च्या जागी आलेल्या मोटो-टू वर्गात सर्वांना होंडाचेच ६०० सी. सी. इंजिन मिळाले, २०१९ पासून ट्रायम्फचे ७६५. खर्च आटोक्यात आला, स्वारांचे कसब उठून दिसले, हे मान्य. पण जेथे इंजिनच एक, तेथे नव्या मोर्बिदेल्लीने यावे कोठून?

वरिष्ठ वर्ग २००७ मध्ये ८०० वर, २०१२ मध्ये १००० वर गेला आणि २०२७ पासून ८५० वर येणार असे ठरले. वेगाला आवर घालण्याचा हेतू रास्त आहे. परंतु २०२२ अखेर सुझुकी बाहेर पडली. तिच्या जागी कोणी यावे असे वाटत असेल तर दीडशे सी. सी. कापून भागणार नाही. मागे पडलेल्या कारखान्यांना अधिक सरावाची व अधिक इंजिनांची जी सवलत २०२३ च्या अखेरीस ठरली, ती नवागतांसाठी निदान पहिली काही वर्षे तरी राखली पाहिजे.