प्रतिसादाची सद्दी

इंग्रजी मजकुरात ‘रिस्पॉन्ड’ हे क्रियापद दिसले रे दिसले की मागचापुढचा संदर्भ न पाहता ‘प्रतिसाद देणे’ लिहून मोकळे व्हायचे, ही रीत आपल्या भाषांतरकार मंडळींत अलीकडे इतकी रूढ झाली आहे, की तिच्याविषयी चार शब्द लिहिणे भाग पडावे. साद म्हणजे हाक आणि प्रतिसाद म्हणजे तिला मिळालेली ओ. सभेला, वर्गणीच्या आवाहनाला तो शब्द शोभतो. पण ज्या भाषेत औषध लागू पडते, गुण येतो, दुखण्याला उतार पडतो, त्याच भाषेत रुग्ण ‘उपचारांना प्रतिसाद देत नाही’ असे रोज छापून यावे, हे दैन्य आपण ओढवून घेतलेले आहे.

प्रश्न केवळ भाषासौष्ठवाचा असता तर त्यावर संपादकीय खर्ची घातले नसते. नगर-पुणे रस्त्यावरील सुप्याच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, सुरक्षेच्या पत्रकात ‘भोंगा वाजताच प्रतिसाद द्यावा’ असे कोणी लिहिले, तर यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराने यंत्र बंद करावे, दाराकडे धावावे, की मुकादमाला हाक मारावी?

कचेरीच्या भाषेत तर प्रत्येक उत्तराला स्वतंत्र नाव आहे. ‘कारणे दाखवा’ नोटिशीला द्यायचा तो खुलासा, दिवाणी दाव्यात प्रतिवादीने दाखल करायची ती कैफियत, पोलिसांपुढे नोंदवला जातो तो जबाब, आणि कागद मिळाल्याची नुसती पोच. ‘रिस्पॉन्डन्ट’ला तर आपल्याकडील निकालपत्रांत ‘जाबदेणार’ असा, फारसीमार्गे आलेल्या जबाबाला मराठी वळण देऊन घडवलेला, चपखल शब्द रुळलेला आहे. तो टाकून ‘प्रतिसादक’ लिहिणाऱ्याच्या धाडसाचे कौतुक करावे की कीव करावी, हे आम्हांस अद्याप ठरवता आलेले नाही. मोल्सवर्थ व कँडी या परकीयांनीदेखील 1847 च्या इंग्रजी-मराठी कोशात एका शब्दासमोर अर्थागणिक मराठी पर्याय नोंदवण्याचे कष्ट घेतले होते.

या संदिग्धतेने कायदेशीर मुदतीचाही घोळ कसा होतो, याचे उदाहरण माहितीच्या अधिकाराचे. सुपा ज्या पारनेर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी महाराष्ट्रात आंदोलन उभारले. पुढे केंद्राचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे अमलात आला. त्यान्वये सामान्यतः अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत निर्णय व्हावा लागतो. तसा न झाल्यास माहिती नाकारली असे कायदाच मानतो, आणि तेथून पहिल्या अपिलाची 30 दिवसांची मुदत चालू होते. आता अशा प्रकरणातील कागदाच्या भाषांतरात ‘माहिती अधिकाऱ्याने प्रतिसाद दिला’ एवढेच लिहिले, तर त्याने पोच दिली, अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला, शुल्क भरण्यास कळवले, की माहितीच हवाली केली, हे वाचणाऱ्याने कशावरून ताडावे? मुदतीचा सारा हिशेब तर त्यावरच अवलंबून. भाषांतरकाराच्या एका आळसापायी अर्जदाराचे अपील मुदतबाह्य ठरू शकते.

तेव्हा आमची विनंती इतकीच, की हे क्रियापद आढळेल तेथे कर्त्याने प्रत्यक्षात काय केले ते मूळ मजकुरात शोधावे. तेथे सापडले नाही, तर काम देणाऱ्या कचेरीस लेखी विचारावे आणि खुलासा येईपर्यंत ते वाक्य कोरे ठेवावे.