सर्व्हर चालू, पण रस्ताच बंद! फुकट वापरतो त्या नकाशाची काळजी कोण घेणार?

रविवार, 15 डिसेंबर 2024. ओपनस्ट्रीटमॅपवर त्या दिवशी नवा रस्ता काढायला बसलेल्यांसाठी साइटच उघडेना. हॅकिंग झालं नव्हतं, हार्ड डिस्क जळली नव्हती. बिघाड होता ॲमस्टरडॅममधल्या सर्व्हरना जगाशी जोडणाऱ्या इंटरनेट कंपनीकडे. घरात इन्व्हर्टर आहे, टाकी भरलेली आहे, पण गल्लीच्या तोंडाशी झाड पडून रस्ता बंद, असा हा प्रकार.

काही वेळाने नकाशा बघण्यापुरता सुरू झाला. त्यात बदल करण्यासाठी मात्र आणखी थांबावं लागलं.

हा नकाशा आहे कुणाचा?

ओपनस्ट्रीटमॅप 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. नोंदणी केलेल्यांची संख्या आज 1 कोटीच्या वर आहे. कुणीही खातं उघडावं आणि आपल्या गावातली पाणंद, विहीर, आरोग्य केंद्र नकाशावर टाकावं. नाव मराठीत लिहिण्याचीही सोय आहे. 2010 चा हैतीचा आणि 2015 चा नेपाळचा भूकंप झाला, तेव्हा स्वयंसेवकांनी उपग्रह चित्रं पाहून काढलेले रस्ते मदत पथकांच्या उपयोगी पडले. विकिपीडियावरचे नकाशे, कितीतरी ॲप्स याच माहितीवर चालतात. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पण नकाशा वापरला असण्याची शक्यता बरीच आहे.

नेमकं अडलं कुठे?

असा प्रकल्प बंद पडू नये म्हणून आणखी सर्व्हर घ्यावेत, हे पहिलं उत्तर सुचतं. पण सर्व्हर होतेच. डेटाबेसची दुसरी प्रत डब्लिनमध्येही होती. तरीही काम अडलं, कारण प्रत असणं वेगळं आणि त्या प्रतीवर कारभार हलवता येणं वेगळं.

समजा, घाईत डब्लिनच्या प्रतीला ‘आता तूच मुख्य’ असं सांगितलं आणि तासाभरात ॲमस्टरडॅमची लाइन परत आली, तर? दोन्हीकडे वेगवेगळे बदल नोंदले जाऊ शकतात आणि मग खरी नोंद कुठली, हा घोळ निस्तरणं महाकठीण. म्हणून अशा वेळी आधी ‘फक्त वाचा’ म्हणणं शहाणपणाचं असतं. मात्र असा बदल सुरक्षितपणे आणि झटपट करायचा, तर त्याची आधी रंगीत तालीम लागते. आणि तालमीला माणसांचा वेळ लागतो. स्वयंसेवकांकडे नेमका तोच नसतो.

या कामासाठी ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनने पहिला पगारी साइट रिलायबिलिटी इंजिनिअर नेमला तो 2022 मध्ये. म्हणजे प्रकल्प सुरू झाल्यावर 18 वर्षांनी. तोवर मुख्य भार नोकरी सांभाळून काम करणाऱ्या स्वयंसेवकांवरच होता.

फुकटच्या जागेचा भरवसा किती?

लिनक्सवर स्क्रीन दिसण्यामागे वेलँड आणि मेसा ही सॉफ्टवेअर असतात. त्यांचं काम फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाच्या सर्व्हरवर चालतं. एका मोठ्या कंपनीने त्यांना सर्व्हर मोफत दिले होते. कंपनीने तो व्यवसायच गुंडाळायचं ठरवलं आणि 2025 च्या जानेवारीत फ्रीडेस्कटॉपला नव्या जागेसाठी हाक द्यावी लागली. मुदत होती एप्रिलअखेरची. मार्चमध्ये त्यांनी मुक्काम हलवला, तो पैसे मोजून घेतलेल्या सर्व्हरवर.

देणाऱ्या कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. तिने अनेक वर्षं मदत केली. पण मोफत मिळालेल्या जागेत आपला हक्क नसतो. घरमालक चांगला असला तरी भाडेकरार लागतोच.

मग करायला काय हवं?

माझ्या मते स्वयंसेवकांच्या प्रकल्पाकडून बँकेसारखी सेवा मागणं चुकीचं आहे. 99.9 टक्के वेळ चालू म्हणजे वर्षाला साधारण पावणेनऊ तास बंद. 99.99 टक्के म्हणजे जेमतेम 53 मिनिटं बंद. या दोन आकड्यांमध्ये प्रचंड खर्च आणि कुणाची तरी रात्रीची झोप आहे. नकाशात बदल करणं चार तास थांबलं तर चालेल. लोकांनी केलेलं काम गमावलं तर चालणार नाही.

त्यामुळे पैसा आधी कंटाळवाण्या गोष्टींवर जावा. एक, प्रत्येक ठिकाणी दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन. दोन, दुसऱ्या शहरात कारभार हलवण्याची ठरावीक काळाने तालीम. तीन, बॅकअप घेतला म्हणून न थांबता तो परत उभा करून पाहणं. चार, पासवर्ड आणि माहिती एकाच माणसाच्या डोक्यात न ठेवणं. यातलं काहीही जाहिरातीत मिरवता येत नाही, म्हणूनच देणगीदार तिकडे फिरकत नाहीत. नवं फीचर दिसतं, दुसरी लाइन दिसत नाही.

ओपनस्ट्रीटमॅपने एक गोष्ट आधीपासून नीट केली आहे. संपूर्ण नकाशाच्या माहितीची फाइल दर आठवड्याला कुणालाही डाउनलोड करता येते. सगळे सर्व्हर गेले तरी नकाशा जगभर कुठे ना कुठे शिल्लक राहील.

आपण काय करू शकतो?

कबुलीपासून सुरुवात करतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी एक स्क्रिप्ट लिहून अख्ख्या जिल्ह्याच्या नकाशाची चित्रं ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून रात्रभर खेचली होती. फुकट आहे, मग घ्या! अशा घाऊक डाउनलोडला त्यांच्या नियमात मनाई आहे, हे आम्ही वाचलंच नव्हतं. आमच्यासारखे हजारो असले की भार कुणावर पडतो, हे आता कळतं.

म्हणून ॲप बनवणाऱ्यांनी चित्रांचा सर्व्हर स्वतःचा उभारावा किंवा विकत घ्यावा. या नकाशावर धंदा करणाऱ्या कंपन्यांनी फाउंडेशनला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी. आपल्या विद्यापीठांनी आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी अशा प्रकल्पांची एखादी प्रत आपल्या सर्व्हरवर ठेवावी. विद्यार्थ्यांना सर्व्हर सांभाळायचं शिक्षणही मिळेल. फाउंडेशनचं साधं सदस्यत्व वर्षाला 15 पौंडांचं आहे. वर्षातले 42 दिवस नकाशावर काम केलंत, तर ते फी न भरताही मिळू शकतं.

गावची विहीर सगळ्यांची असते, पण गाळ काढायच्या दिवशी चारच माणसं येतात. पाणी रोज भरायचं असेल, तर त्या दिवशीही जायला हवं.