क्षाराची वेळ आणि पाचक विकरे

अम्लपित्ताची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णास शंखभस्माची वा कपर्दिकभस्माची पुडी द्यावी आणि भूक लागावी म्हणून त्याच वेळी पेप्सिनयुक्त पाचक द्रवाची बाटलीही द्यावी, असा प्रकार आपल्या व्यवसायात अनेकदा घडतो. दोन्ही औषधे आपापल्या जागी उपयुक्त असतील. परंतु ती एकत्र पोटात गेल्यास पहिले दुसऱ्याचे कार्य रोखते. याकडे आम्ही वैद्यांचे व औषधालयचालकांचे लक्ष वेधू इच्छितो.

सामूची संकल्पना विकरांच्या अभ्यासातूनच पुढे आली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन यांनी १९०९ साली ती मांडली. पाचक विकर हे प्रथिन असून त्यावरील विद्युतभार भोवतालच्या अम्लतेनुसार बदलतात. भार बदलले की विकराची घडण बदलते व अन्नघटकावरील पकड सुटते. लाळेतील अमायलेज ७ च्या जवळपास, जठरातील पेप्सिन २ च्या सुमारास, तर स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन ८ च्या आसपास उत्तम कार्य करते. सामूतील एका अंकाचा फरक म्हणजे अम्लतेतील दहापट फरक होय, हे येथे ध्यानात ठेवावे.

शंखभस्मातील कॅल्शियमची संयुगे जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लास उदासीन करतात. दाह शमण्यामागे हे एक कारण निश्चितच आहे. मात्र सामू ५ च्या वर गेला की पेप्सिनचे कार्य जवळजवळ थांबते. मग सोबत दिलेल्या पेप्सिनसाठी रुग्णाने मोजलेले पैसे कशासाठी?

क्षार हे दीपन-पाचन आहेत आणि निरोगी जठर थोड्याच वेळात नवे आम्ल स्रवते, असा आक्षेप कोणी घेईल. दोन्ही गोष्टी आम्हांस मान्य आहेत. अग्नी म्हणजे केवळ विकरे, असे सुलभ समीकरणही आम्ही मांडत नाही. तेरा अग्नींचा विचार त्याहून पुष्कळ व्यापक आहे. आमचा आक्षेप आहे तो वेळेचा विचार न करता, महिनोन्‌महिने चालणाऱ्या क्षारसेवनास. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात पिप्पली व लवण यांच्यासह क्षाराच्या अतियोगाबद्दल सावध केले आहे. औषधकालाचा विचार तर आपल्या शास्त्राचाच आहे. तो पाश्चात्त्यांकडून उसना घेण्याची गरज नाही.

म्हणून आमची सूचना अशी, की ग्रंथोक्त योगास विशिष्ट काल सांगितला नसेल, तर दाहशमनार्थ दिलेले क्षारप्रधान औषध जेवणानंतर सुमारे तासाभराने द्यावे. रिकाम्या पोटी घेतल्यास त्याचा आम्लशामक परिणाम फार काळ टिकत नाही. पेप्सिनयुक्त द्रव द्यायचाच असेल, तर तो जेवणाबरोबर द्यावा. औषधालयचालकांनी ही वेळ पुडीवर व बाटलीवर स्वच्छ मराठीत लिहावी आणि तेच औषध वारंवार मागणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. वजन घटणे, गिळताना त्रास होणे, काळे मल होणे अशी लक्षणे असल्यास वैद्यांनीही जठराची दुर्बिणीने तपासणी करून घेण्यास विलंब लावू नये.

पुडी बांधण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यातच ती केव्हा घ्यावयाची हे सांगून होते. एवढे तरी आपण कटाक्षाने पाळावे, असे आम्हांस वाटते.